नांगरटीतला तिसा

पहिल्यांदा दिसला तेव्हा मला ती कोंबडीच वाटली.

इंग्लंडमधल्या हेरफर्डशर परगण्यात, वेल्सच्या सीमेला लागून असलेल्या एका खेड्याबाहेर मी अख्खा हिवाळा काढला. एका शेतकऱ्याने धान्याच्या जुन्या कोठाराच्या दोन खोल्या करून भाड्याने दिल्या होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर नांगरलेलं रान होतं. तिकडची माती तांबडी, आणि पावसाने भिजली की विटेच्या भट्टीसमोर उभं असल्यासारखं वाटावं इतकी तांबडी. नोव्हेंबरातल्या एका ओल्या सकाळी त्या ढेकळांतून काहीतरी तपकिरी, जाडसर, डुलत डुलत चाललं होतं. चार पावलं टाकायची, थांबायचं, मान तिरकी करून जमिनीकडे टक लावायची. मग दोन बेंगरूळ उड्या, चोच खाली, आणि मातीतून काहीतरी लांबलचक ओढून काढायचं. कुणाची तरी कोंबडी सुटली असं म्हणत मी चहा गाळला. तरी राहवेना म्हणून दुर्बीण लावली, तर बाकदार चोच, पिवळे पाय, काळ्या नख्या. शिकारी पक्षी होता आणि गांडुळं वेचत होता.

खरं सांगायचं तर मलाच त्याची लाज वाटली. शिकारी पक्षी म्हटलं की आपल्या डोक्यात ठरलेलं चित्र असतं. आभाळात उंच ठिपका, मग तीरासारखी झेप. 'घार हिंडते आकाशी' हे लहानपणापासून कानावर पडलेलं. घार ढेकळांत हिंडते असं कुणी म्हटलेलं नाही.

त्या पक्ष्याचं नाव बझर्ड. या कुळातल्या पक्ष्यांना मराठीत तिसा म्हणतात, म्हणून मनातल्या मनात मी त्याला तिसाच म्हणू लागले. पंख पसरले तर सव्वा मीटरच्या आतबाहेर, वजन साधारण किलोभर, मादी नरापेक्षा दांडगी. रंगाचा मात्र भरवसा नाही. एक जवळजवळ चॉकलेटी, तर शेजारच्या रानातला पोटाकडून पांढराफटक. नव्याने पक्षी ओळखायला शिकणाऱ्याची त्यामुळे चांगलीच फजिती होते. आभाळात चढला की मात्र पंख किंचित उचलून, पसरट द्रोणासारखा आकार करून तो सावकाश घिरट्या घेतो आणि ओरडतो मांजराच्या पिलासारखा. एवढ्या मोठ्या पक्ष्याचा एवढा केविलवाणा आवाज! स्कॉटलंडमध्ये त्याला थट्टेने 'टूरिस्टांचा गरुड' म्हणतात, कारण गरुड बघायला आलेले पाहुणे तारेच्या खांबावरचा तिसा बघून खूश होऊन परत जातात.

महिनाभर रोज पाहिल्यावर माझी लाज ओसरली आणि हिशेब कळायला लागला. ससा धरायचा तर दबा धरायचा, झेपायचं, बहुतेक वेळा हात हलवत परत यायचं, आणि प्रत्येक झेपेला अंगातली ऊब खर्ची पडते. डिसेंबरात तिथला दिवस जेमतेम ८ तासांचा. गांडूळ पळत नाही, चावत नाही, रात्रभर पाऊस पडला की आपणहून वर येतं. एका गांडुळाने काही होत नाही हे खरं, पण सकाळभर वेचलं तर पोट भरतं. नांगर फिरला की तर पंगतच बसते. ट्रॅक्टरच्या मागे पहिल्या पंक्तीला सीगल आणि कावळे. तिसा त्या गर्दीत घुसत नाही. तो लांब बसून वाट बघतो आणि गोंगाट पुढच्या सरीकडे सरकला की उतरतो. ट्रॅक्टरला तो बिचकत नाही, पण ट्रॅक्टरमधून माणूस खाली उतरला की उडालाच.

त्याची वाट बघण्याची जागा ठरलेली होती. रानाच्या मधोमध एक जुना ओकचा खांब उभा होता, एका बाजूला कललेला. कधीकाळी तिथून कुंपण जात असे. पुढे दोन तुकडे एक केले, कुंपण निघालं आणि हा एकटा राहिला. प्रत्येक फेरीला ट्रॅक्टर त्याच्याजवळ आला की वळसा घ्यायचा, त्यामुळे खांबाभोवती होडीच्या आकाराचं गवताचं बेट तयार झालेलं. घरमालकांना मी विचारलं, हा खांब मधेच कशाला? सत्तरी ओलांडलेले, कमी बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "काढायचाय."

"आणि त्यावर बसतो तो?"

"तो? आळशी आहे लेकाचा. दिवसभर बसून असतो."

आळशी. हा शब्द मी त्या हिवाळ्यात निदान चार जणांकडून ऐकला. या पक्ष्याची बदनामी काही आजची नाही. फ्रेंचमध्ये त्याचं नाव 'ब्यूझ', आणि तोच शब्द मठ्ठ माणसालाही लावतात. ब्यूझचा शिक्रा करता येत नाही, अशी म्हणही आहे त्यांच्यात. सरदार-दरकदार हातावर पक्षी घेऊन शिकारीला जात त्या काळात बहिरी ससाण्याला मान होता. हा सांगितल्यावर उडत नाही, ऐटबाज झेप घेत नाही, म्हणून निकामी ठरला. म्हणजे आळशी कुणाच्या लेखी, तर ज्यांना तो हाताशी नोकर म्हणून हवा होता त्यांच्या. इंग्रज वसाहतवाले अमेरिकेत गेले तेव्हा बझर्ड हे नाव त्यांनी सोबत नेलं आणि तिथल्या गिधाडांना चिकटवून टाकलं. तिकडे आजही साध्या बोलण्यात बझर्ड म्हणजे मेलेल्यावर घिरट्या घालणारा.

नावांचं मला वेड आहे, तेव्हा आणखी दोन सांगते. जर्मन शेतकरी याच पक्ष्याला 'मॉयझेबुसार्ड' म्हणतो, म्हणजे उंदरांचा बझर्ड. तिथे फळबागांतून आणि कुरणांतून आडवी काठी ठोकलेले उंच खांब मुद्दाम उभे करतात, याला बसायला जागा मिळावी म्हणून. शेतउंदरांची पैदास दर काही वर्षांनी बेसुमार वाढते, आणि असा एक बसका पहारेकरी तेव्हा उपयोगी पडतो. दुसरं नाव अर्जेंटिनातलं. तिसाच्याच कुळातला एक पक्षी, स्वेन्सनचा हॉक, उत्तर अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडून तिकडच्या पंपास गवताळ मैदानांत येतो आणि शेतांवर उतरून टोळ-नाकतोडे खातो. स्थानिक लोक त्याला 'लांगोस्तेरो', टोळखाऊ म्हणतात. १९९५-९६ च्या मोसमात त्या शेतांवर नाकतोड्यांसाठी मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक फवारलं गेलं आणि ५ हजारांहून जास्त पक्षी मरून पडलेले मोजले गेले. मेलेले एकूण २० हजारांच्या घरात असावेत असा अंदाज निघाला. फवारणी नाकतोड्यांवर होती, आणि पक्षीही त्याच नाकतोड्यांसाठी आले होते. ज्याने नावातच त्याचं काम मान्य केलं होतं त्याच्याच शेतात हे घडलं. वैर कुठेच नव्हतं.

इंग्लंडात मात्र वैर होतं, आणि ते कायद्याने लिहून ठेवलेलं. १५६६ सालच्या एका कायद्यानुसार गावोगावच्या चर्चच्या कारभाऱ्यांनी पिकाला नि कोंबड्यांना त्रास देणाऱ्या प्राण्यांच्या डोक्यांवर बक्षीस द्यायचं होतं. त्या यादीत तिसा होता, डोक्याला २ पेन्स. तरीही शेतकऱ्याने त्याला संपवलं नाही. संपवत आणला तो पुढे एकोणिसाव्या शतकात, बंदुका सुधारल्यावर आणि जमीनदारांना फेझंट पाळून मारण्याचा शौक जडल्यावर. फेझंट हा कोंबड्याच्या जातीचा दिमाखदार पक्षी. तो पाळायचा, रानात सोडायचा, मग हाकारे घालून उडवायचा आणि टिपायचा. त्याची राखण करायला पगारी माणूस, गेमकीपर. वाकड्या चोचीचं जे दिसेल ते मारायचं आणि कुंपणाच्या तारेला ओळीने टांगायचं, म्हणजे मालक आला की कामाचा पुरावा समोर.

मालकांच्या गोठ्यात एका खिळ्याला गंजलेला लोखंडी सापळा लटकत होता, दातेरी जबड्यांचा, थाळीएवढा. मी हात लावायला गेले तर म्हणाले, "आजोबांचा. खांबावर बसवायचे." तिसाला खांबावर बसायला आवडतं. तेव्हा उघड्या माळावर एक खांब रोवायचा, डोक्यावर हा सापळा ठेवायचा आणि घरी जाऊन झोपायचं. पक्षी बसला की दोन्ही पाय जबड्यात. मग उलटा लटकत, कधी दिवसभर. १९०४ साली या खांबावरच्या सापळ्यांवर कायद्याने बंदी आली, पण कायदा आला म्हणून खांब काही लगेच ओस पडले नाहीत. जर्मनीत त्याच्या सवयीसाठी खांब रोवतात आणि इथे त्याच सवयीवर सापळा रचला, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मी बोलले नाही. त्यांनी सापळा पुसल्यासारखा केला आणि परत खिळ्याला लावला.

विसावं शतक उजाडेपर्यंत तिसा ब्रिटनच्या पश्चिमेला, वेल्स, डेव्हन, स्कॉटलंड असा कोपऱ्याकोपऱ्यांत उरला होता. दोन महायुद्धांनी त्याला हात दिला. गेमकीपर लढाईवर गेले, बंदुका दुसरीकडे वळल्या. नॉर्मन मूर नावाच्या संशोधकाने १९५७ साली तिसाच्या वस्तीचा नकाशा आणि गेमकीपरांच्या दाटीचा नकाशा शेजारी शेजारी ठेवले. जिथे एक दाट तिथे दुसरा विरळ. इतका साधा पुरावा, पण तो मांडायला कुणीतरी लागतो.

त्याच सुमारास सशांवर मिक्सोमॅटोसिसची साथ आली होती. १९५३ मध्ये ती ब्रिटनमध्ये शिरली आणि दोनेक वर्षांत शंभरातले ९५ हून जास्त ससे गेले. मालक तेव्हा शाळकरी पोर होते. "डोळे सुजून फुटायला आलेले ससे रस्त्याच्या मधोमध बसून राहायचे," ते सांगत होते. "सायकल अंगावर आली तरी हलायचे नाहीत. आम्ही काठीने..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. तिसाला आधी मेजवानी झाली, मग उपास पडला. १९५५ च्या विणीत बऱ्याच जोड्यांनी घरटंच धरलं नाही. ससा नाही तर पिलं नाहीत. गांडुळावर मोठ्याचं पोट निभतं, पण पिलांनी भरलेलं घरटं नुसत्या गांडुळांवर वाढवणं अवघड.

१९५४ च्या आणि नंतर १९८१ च्या कायद्याने त्याला संरक्षण मिळालं, विषारी कीटकनाशकं बंद झाली, ससे सावरले, आणि नव्वदच्या दशकापासून तिसा पूर्वेकडे सरकत सरकत पुन्हा सगळ्या इंग्लंडभर पोचला. आज तो तिथला सगळ्यात जास्त दिसणारा शिकारी पक्षी आहे. आणि जास्त दिसू लागला तशी जुनी कुरबुरही परत सुरू झाली.

कुरबूर करणाऱ्यांपैकी एकाशी मी बोलले. निवृत्त गेमकीपर, मालकांचे दोस्त, कुंपणाच्या झाडोऱ्याची वीण करायला दर हिवाळ्यात येत. झाडाचं खोड अर्धं कापून, वाकवून, जिवंतच विणायचं अशी ती कला. बोलताना हात थांबत नसत. मी मनात त्यांच्याविरुद्ध खटला तयार ठेवूनच गेले होते. ते म्हणाले, "सहा-सात आठवड्यांची पिलं असतात हो. शेकड्यांनी. जुलै-ऑगस्टात त्यांना रानातल्या मोठ्या पिंजऱ्यात सोडायचं. वरून उघडा असतो, उडायला शिकावीत म्हणून. हा वरच्या फांदीवर येऊन बसतो. नेऊन नेणार किती? एखादं, दोन. पण नुसता पंख हलवला की सगळी पिलं कोपऱ्यात धावतात, एकावर एक चढतात. तळातली गुदमरतात. सकाळी मी जायचो तर ढीग." हा माणूस त्या पिलांना जिवापाड जपत होता. तीच पिलं नोव्हेंबरात बंदुकीपुढे उडवायची हे त्यांना ठाऊक होतं, तरी जपत होता. मी विचारलं, तुम्ही कधी मारला? त्यांनी कोयता फांदीत रुतवला. "अलीकडे नाही," म्हणाले.

माझा खटला थोडा ढिला पडला, पण मागे नाही घेतला. ब्रिटनमध्ये दरवर्षी कोट्यवधी फेझंट हौसेसाठी रानात सोडले जातात. एवढं खाद्य आपणच पसरायचं आणि कुणी खाल्लं म्हणून ओरडायचं, याला काय म्हणावं! २०१२ साली सरकारने फेझंट वाचवण्यासाठी तिसाची घरटी मोडून आणि पक्षी पकडून बघण्याचा एक प्रयोग काढला होता, खर्च ३ लाख ७५ हजार पौंड. लोकांनी इतका गहजब केला की काही दिवसांतच तो गुंडाळावा लागला. पुढल्या वर्षी काही घरटी मोडायचा परवाना निघाला, आणि २०१६ मध्ये १० पक्षी मारायचाही. पावणेचार लाखांचा आकडा ऐकून आमच्या मालकांनी शिट्टी घातली. "तेवढ्यात नवा ट्रॅक्टर आला असता. खांब चुकवायला बरा."

मार्चमध्ये मेंढ्या व्यायला लागल्या आणि त्याच्यावर आरोप करायची वेळ माझ्यावर आली.

सकाळी सहा-साडेसहाची वेळ, धुकं. खिडकीतून बघते तो खालच्या कुरणात तिसा एका कोकरावर बसलेला. पायाखाली कोकरू, चोच रक्ताने माखलेली. मी अंगातल्या झोपायच्या कपड्यांवरच गमबूट चढवले आणि ओरडत धावले. तो जड जड पंख मारत उडाला, लांब जाऊन बसला. कोकराला एक डोळा नव्हता. चार महिने ज्याची वकिली करत होते त्याने मला तोंडघशी पाडलं, असं वाटलं. पुराव्यासकट पकडला होता. मालकांच्या दारात जाऊन मी जवळजवळ फिर्यादच दिली.

ते आले. घाई नाही. कोकरू बुटाच्या टोकाने उलटं केलं, मग गुडघ्यावर बसून त्याचा एक खूर हातात घेतला. "हे बघा." खुराच्या टोकाला मऊ, पिवळट, सालीसारखं काहीतरी होतं. "जन्मताना सगळ्यांना असतं, आईच्या पोटाला खूर टोचू नये म्हणून. कोकरू उभं राहून चाललं की झिजून जातं. हे जसंच्या तसं आहे. म्हणजे हे उभंच राहिलेलं नाही." डोळा कावळ्याने नेला असणार, ते म्हणाले, कावळा आधी डोळाच नेतो. तिसा सगळ्यांच्या नंतर आला. पलीकडे मेंढीची वार पडलेली होती, तीही अर्धी खाल्लेली. "ती उचलायचं माझं काम वाचवतो तो. कोल्हा येत नाही मग."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. फाशीची दोरी माझ्या हातात होती एवढंच. मला वाटतं या पक्ष्याची खरी अडचण तो क्रूर आहे किंवा आळशी आहे ही नाहीच. तो नेहमी पंचनाम्याच्या वेळी हजर सापडतो. कोल्हा रात्री येतो आणि जातो, कावळा उडून जातो, थंडीचा तर मागमूसही राहत नाही. हा मात्र किलोभर वजनाचा, उडायला सावकाश, उजाडल्यावर सगळ्यांच्या देखत जेवत बसलेला. मालक तसं सरसकट त्याला निर्दोष ठरवायला तयार नव्हते. एखादं मरतुकडं कोकरू त्याने टोचलं असेलही, म्हणाले. पण त्यासाठी खूर बघावा लागतो, आणि खूर बघायला चिखलात गुडघे टेकावे लागतात. मी टेकले नव्हते.

मधे एक गोष्ट सांगायची राहिली. फेब्रुवारीत वादळ झालं होतं, दोन दिवस वीज नव्हती. वारा पडल्यावर बघितलं तर रानातला तो कललेला खांब आडवा. मला वाटलं, चला, यांचं काम झालं. तिसा दोन दिवस ढेकळांवरच बसला, उंचावरून पडल्यासारखा, इकडेतिकडे बघत. एप्रिलमध्ये मी सामान बांधायला घेतलं तोवर मालकांनी ते रान बटाट्यासाठी पुन्हा नांगरायला काढलं होतं. खिडकीतून बघते तर खांब उभा. आधीपेक्षा सरळ. बुंध्याशी दगड ठोकून माती दाबलेली, आणि ट्रॅक्टर पूर्वीसारखाच वळसा घेऊन चाललेला.

किल्ली द्यायला गेले तेव्हा विचारलं, "तो काढायचा होता ना?"

"हो," ते म्हणाले. "काढायचाच आहे."